पुण्याच्या लॅपटॉपवर न दिसणारा तास: डीएसटी सांभाळून तारखांचे हिशेब कसे लिहावेत

काही वर्षांपूर्वी हिंजवडीत एका प्रकल्पावर मी परिचारिकांच्या पाळ्यांचे वेळापत्रक तयार करणाऱ्या प्रणालीवर काम करत होतो. ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा होता आणि त्याचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपत असे. वेळापत्रकाचा कोड माझाच होता आणि इतका साधा होता की रिव्ह्यूमध्ये त्याकडे कोणी थांबून पाहिले नाही: शनिवारची मध्यरात्र घ्यायची, तिच्यात चोवीस-चोवीस तास मिळवत पुढे जायचे आणि सातही वेळा हाती आलेली तारीख छापायची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचे वेळापत्रक निघाले तेव्हा त्यात रविवार दोनदा आला आणि शुक्रवार गायब झाला. टिकीट (ग्राहकाच्या तक्रारीची नोंद) आल्यावर आम्ही तोच कोड, त्याच तारखा देऊन, आमच्या यंत्रांवर चालवला, तर सातही वार ओळीने हजर होते. "आमच्याकडे तर बरोबर येते आहे" एवढेच उत्तर आम्ही दोन दिवस देत राहिलो.

२०२५ सालच्या तारखा घेतल्या की काय झाले ते लगेच दिसते. १ नोव्हेंबर २०२५ हा शनिवार होता. रविवारी, २ नोव्हेंबरला, पहाटे दोन वाजता उन्हाळी वेळ (डेलाइट सेव्हिंग टाइम, म्हणजे डीएसटी) संपून न्यू यॉर्कचे घड्याळ एक तास मागे गेले, म्हणजे तो रविवार पंचवीस तासांचा झाला. १ तारखेच्या मध्यरात्रीत चोवीस तास मिळवले की २ तारखेची मध्यरात्र येते, हे ठीक आहे. पण तिच्यात आणखी चोवीस तास मिळवले की ३ तारखेची मध्यरात्र येत नाही, २ तारखेचे रात्रीचे अकरा वाजतात. तिथून पुढे प्रत्येक उडी रात्री अकराला पडते आणि तारखा १, २, २, ३, ४, ५, ६ अशा छापल्या जातात. मार्चमध्ये, रविवार तेवीस तासांचा असतो तेव्हा, हाच कोड मध्यरात्रीऐवजी एक वाजता पोहोचतो. तारखा योग्य छापल्या जातात आणि चूक लपून राहते. म्हणूनच आमच्या चुकीला वसंत ऋतूत कोणी हटकले नाही.

पुण्यात काम करणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. आपले घड्याळ यूटीसीच्या (जगाच्या समान प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे आणि बारा महिने तसेच राहते. बिल्डचा (कोड बांधून तपासणारा) सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर चालतो, आणि तिथेही दिवस कायम चोवीस तासांचाच असतो. म्हणजे कोड जिथे लिहिला जातो आणि जिथे तपासला जातो, त्या दोन्ही जागी ही चूक दिसण्याची सोयच नाही. ती थेट ग्राहकाच्या घड्याळावर उगवते. अमेरिकेतील नोव्हेंबरचा बदल बरेचदा आपल्या दिवाळीच्या आसपास येतो आणि तेव्हा निम्मी टीम गावी गेलेली असते, हे वेगळेच.

घड्याळ नेमके केव्हा सरकते

अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता मागे येते. प्रत्येक विभाग आपापल्या घड्याळानुसार हे करतो. हवाई आणि अ‍ॅरिझोना राज्ये हा बदल पाळत नाहीत, पण अ‍ॅरिझोनातील नवाहो नेशनचा (नवाहो या मूळनिवासी समाजाचा) प्रदेश पाळतो. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ठरलेले आहेत आणि सगळे देश एकाच क्षणी, यूटीसी एक वाजता, म्हणजे आपल्या सकाळी साडेसहाला, घड्याळ हलवतात. सिडनीत ऋतू उलटे असल्याने उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते. त्याच ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये मात्र ती नाही. ऑस्ट्रेलियाच्याच लॉर्ड हाऊ बेटावर घड्याळ एक तासाऐवजी अर्धाच तास सरकते. फरक नेहमी पूर्ण तासाचा असतो असे गृहीत धरणाऱ्या कोडला पकडायला हे बेट फार उपयोगी पडते.

पुण्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की न्यू यॉर्क उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते, तर लंडन साडेचार आणि साडेपाच. न्यू यॉर्कच्या सकाळी साडेनऊचा स्टँडअप (रोजची छोटी बैठक) आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला असतो, आणि त्याबरोबर कॅबची वेळही बदलते. दोन्ही खंडांतील ग्राहक एकाच बैठकीत असतील तर आणखी एक गुंता आहे. २०२५ मध्ये ९ मार्च ते ३० मार्च हे तीन आठवडे आणि २६ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हा एक आठवडा अमेरिका आणि युरोप यांची घड्याळे एकमेकांशी नेहमीच्या हिशेबात नव्हती. न्यू यॉर्क आणि लंडन यांतील पाच तासांचे अंतर तेवढ्या काळापुरते चार तासांवर आले होते. "आता डीएसटी चालू आहे का?" असा एकच होय-नाही ध्वज साऱ्या प्रणालीसाठी ठेवणारा कोड या चार आठवड्यांत हमखास चुकतो.

आधी विचारावे: क्षण, तारीख की घड्याळी वेळ?

कोड लिहिण्यापूर्वी डेटाबेसातील प्रत्येक रकान्याला एक प्रश्न विचारावा, कारण पुढील सगळे निर्णय त्याच्या उत्तरातून निघतात. वापरकर्त्याला इथे काय म्हणायचे आहे: जगात एकदाच घडलेला क्षण, नुसती तारीख, की अमुक गावच्या घड्याळात अमुक वाजतील ती वेळ?

परिचारिकेने कार्ड स्वाइप केले तो क्षण असतो. तो घडून गेलेला आहे, बदलणार नाही. तो यूटीसीत साठवावा आणि दाखवताना त्या त्या गावच्या वेळेत रूपांतर करावे. नोंदी, व्यवहार, लॉग हे सगळे याच गटातले आहेत.

जन्मतारीख, रजेचा दिवस, करार संपण्याची तारीख या नुसत्या तारखा असतात. त्यांना वेळ चिकटवू नये आणि टाइमझोनही चिकटवू नये. जावास्क्रिप्टमध्ये २०२५-०८-१५ एवढीच अक्षरे डेट ऑब्जेक्टला दिली की ती यूटीसीची मध्यरात्र मानली जाते. पुण्यात ती १५ ऑगस्टची पहाटेची साडेपाचची वेळ म्हणून दिसते आणि तारीख बरोबर वाटते, पण न्यू यॉर्कमध्ये तीच १४ ऑगस्टची संध्याकाळ होते. उलट दिशेची चूक आपल्याला अधिक ओळखीची आहे: पुण्याची मध्यरात्र यूटीसीत नेली की आदल्या दिवसाचे १८:३० होतात. डेटाबेसात तारखांच्या रकान्यात ओळीने १८:३० दिसू लागले की कोणीतरी नुसत्या तारखेला क्षण करून टाकले आहे, असे खुशाल समजावे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे: भविष्यातील घड्याळी वेळ. "पुढच्या वर्षभर दर सोमवारी न्यू यॉर्कच्या सकाळी सातला पाळी सुरू होईल" या वाक्यात ठाम आहे ती सकाळी सातची वेळ. तिच्याशी जुळणारी यूटीसीतील वेळ वर्षातून दोनदा बदलते. "सगळे यूटीसीत ठेवा, म्हणजे काळजी नाही" हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात मिळतो. तो घडून गेलेल्या क्षणांपुरता उत्तम आहे आणि भविष्यातील भेटीगाठींसाठी चुकीचा आहे. अशा वेळांसाठी तीन गोष्टी साठवाव्यात: स्थानिक तारीख, स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे नाव. क्रमवारी लावण्यासाठी किंवा आठवण पाठवण्यासाठी यूटीसी वेळ लागलीच तर ती चौथ्या रकान्यात ठेवावी, पण तो रकाना पहिल्या तिन्हींवरून केव्हाही नव्याने काढता आला पाहिजे.

नव्याने काढण्याची गरज खरोखर पडते, कारण घड्याळाचे नियम सरकारे ठरवतात आणि बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश देशातील उन्हाळी वेळ रद्द केली. इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. ब्राझीलने २०१९ मध्ये सोडून दिली. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने हा बदल जेमतेम काही दिवस आधी पुढे ढकलला, अनेक संस्थांनी तो निर्णय मानला नाही, काही दिवस देशात दोन वेळा चालल्या आणि शेवटी निर्णय मागे घ्यावा लागला. ज्यांनी पुढील भेटी केवळ यूटीसीत साठवल्या असतील, त्यांच्याकडे असा बदल झाल्यावर मूळ वेळ काय ठरली होती हे सांगणारे काहीच उरत नाही.

टाइमझोनचे नाव लिहावे, फरक नव्हे

टाइमझोन म्हणून "उणे पाच तास" असे साठवणे म्हणजे पत्त्याच्या जागी आजचे तापमान लिहिण्यासारखे आहे. ते त्या दिवसापुरते खरे असते. साठवायचे ते आयानाच्या (इंटरनेटवरील नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या) टाइमझोन डेटाबेसमधील नाव, म्हणजे अमेरिका/न्यू_यॉर्क, युरोप/लंडन, एशिया/कोलकाता अशा घाटाचे, अर्थातच त्यांच्या मूळ रोमन रूपात. प्रत्येक नावामागे त्या प्रदेशाच्या घड्याळाचा सारा इतिहास आणि सध्याचे नियम असतात.

संक्षेपांवर तर मुळीच विसंबू नये. आयएसटी म्हणजे आपल्यासाठी भारतीय प्रमाणवेळ. पण आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची प्रमाणवेळ यांनाही तीच तीन अक्षरे आहेत. जुलै महिन्यात अमेरिकेतून "सकाळी नऊ, ईएसटी" अशी ईमेल येते तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात ईडीटी, म्हणजे पूर्व किनाऱ्याची उन्हाळी वेळ, असते; ईएसटी ही तिथली हिवाळी प्रमाणवेळ. जी लायब्ररी (तयार कोडचा संच) ईएसटी हे अक्षरशः उणे पाच तास मानते ती एका तासाने चुकते. विंडोजवरील "इस्टर्न स्टँडर्ड टाइम" हे नाव तर स्टँडर्ड म्हणत असूनही वर्षभराचे, उन्हाळी वेळ धरून असलेले, असते.

या डेटाबेसचे महत्त्व ज्यांना पटत नाही, त्यांना मी पत्रिका करणाऱ्यांचे उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताचे घड्याळ एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होते. त्या वर्षांत जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना जन्मवेळेतून एक तास वजा करायचा, हे जाणकार ज्योतिषी अजून विसरलेले नाहीत. आता ५ जून १९४४ रोजी पुण्यात सकाळी सात वाजता झालेला जन्म यूटीसीत न्यायचा आहे असे धरा. ज्या कोडमध्ये साडेपाच तास हा स्थिरांक लिहिला आहे तो रात्रीचा दीड सांगेल. एशिया/कोलकाता हे नाव वापरणारा कोड साडेबारा सांगेल, आणि तेच बरोबर आहे. "भारतात डीएसटी नाही" हे वाक्य आजपुरते खरे आहे, ऐंशीपेक्षा अधिक वर्षांपूर्वीच्या नोंदींसाठी नाही.

हा डेटाबेस वर्षातून अनेकदा अद्ययावत होतो आणि तो एकाच जागी नसतो. ऑपरेटिंग सिस्टिमकडे एक प्रत असते, जावाच्या रनटाइममध्ये दुसरी, पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत बहुधा तिसरी, आणि मोबाइल अ‍ॅपच्या पोटात चौथी असू शकते. सर्व्हर नवा नियम मानतो आणि फोन जुना, अशी स्थिती आली की एकाच भेटीच्या दोन वेळा दिसतात आणि दोष कोणाचा यावर कॉल लांबत जातो. कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे याची नोंद ठेवावी. मायएसक्यूएलमध्ये तर टाइमझोनची कोष्टके वेगळी भरावी लागतात. ती भरली नसतील तर नावाने केलेले रूपांतर त्रुटी न देता नल, म्हणजे रिकामे उत्तर, परत करते.

एक दिवस आणि चोवीस तास

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एकदा मनात बसले की अर्धे काम होते. "उद्या याच वेळी" म्हणायचे असेल तर दिवस मिळवावा. "औषधाचा पुढचा डोस चोवीस तासांनी" म्हणायचे असेल तर तास मिळवावेत. कोणते हवे ते प्रोग्रामरने मनाने ठरवू नये. ग्राहकाला विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे.

जावामध्ये २०१४ साली आठव्या आवृत्तीबरोबर आलेले जावा-टाइम पॅकेज हा भेद नीट पाळते. झोन्डडेटटाइमवर प्लसडेज वापरले की घड्याळाचा काटा तोच राहतो आणि तारीख पुढे जाते; प्लसआवर्स वापरून चोवीस दिले की प्रत्यक्ष चोवीस तास मोजले जातात. आमच्या वेळापत्रकात खरे तर याचीही गरज नव्हती. सात तारखाच छापायच्या होत्या, तेव्हा लोकलडेट (वेळेशिवायची नुसती तारीख) घेऊन एकेक दिवस पुढे जायला हवे होते. वेळ या गोष्टीला तिथे यायचे कारणच नव्हते.

पायथनचे वागणे मात्र अनेकांना चकवते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. डेटटाइमला झोनइन्फो जोडलेले असले तरी त्यात टाइमडेल्टा (कालावधी) मिळवताना पायथन टाइमझोनकडे पाहत नाही. घड्याळाच्या आकड्यांवर बेरीज करते आणि मग नव्या तारखेला योग्य तो फरक लावते. म्हणजे तिथे टाइमडेल्टात चोवीस तास लिहिले तरी प्रत्यक्षात "उद्या याच वेळी" मिळते. वजाबाकीतही तेच होते: दोन्ही बाजूंना एकच टाइमझोन ऑब्जेक्ट असेल तर फरक विचारातच घेतला जात नाही.

रात्रपाळीच्या पगारावर याचा थेट परिणाम होतो. १ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री अकराला न्यू यॉर्कमध्ये कामावर आलेली परिचारिका २ नोव्हेंबरच्या सकाळी सातला घरी गेली. तिने नऊ तास काम केले. ८ मार्चच्या रात्री अकराला येऊन ९ मार्चच्या सकाळी सातला गेली असती तर ते काम सात तासांचे झाले असते. पायथनमध्ये सरळ वजाबाकी केली तर दोन्ही वेळा आठ तासच उत्तर येते. नोव्हेंबरमध्ये तिचा एक तास बुडतो आणि मार्चमध्ये रुग्णालय न केलेल्या एका तासाचे पैसे देते. उपाय एका ओळीचा आहे: दोन्ही वेळा आधी यूटीसीत न्याव्यात आणि मग वजा कराव्यात. जुन्या कोडमध्ये पायटीझेड लायब्ररी असेल तर आणखी एक खूण ओळखून ठेवावी. टाइमझोन थेट टीझेडइन्फो म्हणून दिला की ती लायब्ररी सर्वांत जुनी स्थानिक वेळ उचलते, आणि भारतीय वेळ साडेपाचऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटे पुढे दिसू लागते. प्रमाणवेळ येण्यापूर्वीच्या कोलकात्याची ती स्थानिक वेळ असते. तिथे लोकलाइझ हे फंक्शन वापरावे, आणि जमल्यास पायथन ३.९ पासून सोबत येणाऱ्या झोनइन्फोकडे वळावे.

पोस्टग्रेसमध्ये "टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन" या प्रकाराचे नाव दिशाभूल करते, कारण तो टाइमझोन साठवत नाही. आलेली वेळ यूटीसीत नेऊन ठेवतो आणि दाखवताना सेशनच्या (डेटाबेसशी त्या वेळी चालू असलेल्या जोडणीच्या) टाइमझोनमध्ये दाखवतो. त्यात एक दिवसाचे इंटरव्हल मिळवले की दिवस कोणाचा हेही सेशनच ठरवते. सेशन यूटीसीवर असेल तर एक दिवस म्हणजे चोवीस तासच होतात. न्यू यॉर्कचा दिवस हवा असेल तर "अ‍ॅट टाइम झोन" वापरून आधी तिथली स्थानिक वेळ काढावी, दिवस मिळवावा आणि पुन्हा त्याच टाइमझोनने क्षणात परत यावे.

दोन तारखांमधील दिवस मोजताना मिलिसेकंदांना ८,६४,००,००० ने भागण्याची सवय जुन्या जावास्क्रिप्टमध्ये सर्रास आढळते. ८ मार्च २०२५ ची मध्यरात्र ते १० मार्चची मध्यरात्र हे न्यू यॉर्कमध्ये सत्तेचाळीस तास आहेत. भागाकाराचा पूर्णांक घेतला की दोनऐवजी एक दिवस येतो. वर ढकलून पूर्णांक केला तर मार्च सुधारतो आणि नोव्हेंबर बिघडतो. दिवस तारखांवरूनच मोजावेत.

नसलेली वेळ आणि दोनदा येणारी वेळ

९ मार्च २०२५ रोजी न्यू यॉर्कमध्ये पहाटेचे अडीच वाजलेच नाहीत. घड्याळ १:५९ वरून ३:०० वर गेले. २ नोव्हेंबरला रात्रीचा दीड दोनदा वाजला, एकदा आपल्या सकाळच्या अकराला आणि पुन्हा आपल्या दुपारच्या बाराला. वापरकर्ता या दोन्ही वेळा फॉर्ममध्ये टाइप करू शकतो, तेव्हा प्रणालीने काय करायचे हे आधीच ठरलेले असावे.

काही न ठरवल्यास लायब्ररी आपल्या मनाने ठरवते. जावा नसलेली २:३० ही वेळ एक तास पुढे ढकलून ३:३० करते, आणि दोनदा येणाऱ्या वेळेतील पहिली, म्हणजे उन्हाळी वेळेतली, निवडते. दुसरी हवी असेल तर तसे सांगणारे फंक्शन आहे. पायथन नसलेली वेळ निमूटपणे धरून ठेवते. ती यूटीसीत नेऊन परत आणली आणि आकडे बदलले, तर ती वेळ अस्तित्वात नव्हती, अशी परीक्षा करता येते. दोनदा येणाऱ्या वेळेसाठी पायथन ३.६ पासून फोल्ड नावाचा गुणधर्म आहे: शून्य म्हणजे पहिली, एक म्हणजे दुसरी.

माझे मत असे की माणूस समोर बसलेला असेल तर त्याला विचारावे आणि नसेल तर नियम लावावा. आमच्या प्रणालीत पाळी टाकताना नसलेली वेळ आली की फॉर्म ती नाकारत असे, कारण परिचारिकांच्या प्रमुखाला ती चूक तिथल्या तिथे सुधारता येत होती. घड्याळी वेळ दुसऱ्या प्रणालीकडून फाइलमध्ये येत असेल आणि सोबत यूटीसीपासूनचा फरक नसेल, तर दीडची नोंद पहिली की दुसरी हे कोणतीही लायब्ररी सांगू शकत नाही. फाइल पाठवणाऱ्याकडूनच फरकासह वेळ मागून घ्यावी, आणि हे करारात लिहून घ्यावे.

मध्यरात्र तरी नेहमी असते, असा एक समज आहे. बैरुतमध्ये मार्चचा बदल मध्यरात्री होतो आणि त्या दिवसाची सुरुवात एक वाजता होते. कैरोत एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी तसेच होते. म्हणून "दिवसाची सुरुवात" मागताना शून्य तास शून्य मिनिटे स्वतः लिहू नयेत. जावाच्या लोकलडेटवर टाइमझोन देऊन अ‍ॅटस्टार्टऑफडे मागितले की त्या दिवसाचा पहिला खराखुरा क्षण मिळतो. सामोआने तर २०११ मध्ये वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला जाताना ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला, पण तेवढ्यासाठी वेगळा कोड लिहू नये. टाइमझोन डेटाबेस तो सांभाळतो.

पहाटेचे जॉब

ग्राहकाच्या घड्याळाने रात्री एक ते तीनच्या दरम्यान कोणताही नियोजित जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) ठेवू नये, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. असे जॉब चालवणाऱ्या क्रॉन या प्रोग्रामच्या काही अंमलबजावण्या, उदाहरणार्थ डेबियन या लिनक्सवरील, ठरावीक वेळेचे जॉब या बदलात सांभाळून घेतात, पण प्रत्येक शेड्युलर तसे करतोच असे नाही. आपल्या शेड्युलरचे कागदपत्र वाचून खात्री करावी. शेड्युलर यूटीसीवर असेल तर जॉब चुकत नाही आणि दोनदाही चालत नाही, मात्र ग्राहकाच्या दृष्टीने अहवाल उन्हाळ्यात सातला येत असेल तर हिवाळ्यात सहाला येऊ लागतो. तो ठरलेल्या घड्याळी वेळीच हवा असल्यास शेड्युलरला टाइमझोनचे नाव द्यावे. सर्व्हरवरील प्रोग्राम सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबमध्ये तशी सोय आहे. जॉबने कोणत्या तारखेचे काम केले याची नोंद ठेवून तीच तारीख दुसऱ्यांदा आली तर हात न लावता परत जावे, एवढी शिस्त असली की दोनदा चालण्याची भीती राहत नाही.

पुण्यात बसून चाचणी

टेस्ट चालवताना टीझेड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये न्यू यॉर्क, लंडन, लॉर्ड हाऊ आणि कोलकाता अशी चार नावे आळीपाळीने देऊन तोच संच चार वेळा चालवावा. लिनक्सवर याला एक ओळ पुरते. कोणत्याही टेस्टचा निकाल यंत्राच्या टाइमझोनप्रमाणे बदलला, तर कोड कुठेतरी यंत्राच्या घड्याळाला विचारतो आहे, आणि ती जागा शोधून तिथे टाइमझोन उघडपणे द्यावा. "आत्ता" ही वेळही कोडने थेट सिस्टिमकडून न घेता बाहेरून दिलेल्या घड्याळाकडून घ्यावी. जावात त्यासाठी क्लॉक हा वर्ग आहे. तसे केले की जुलैत बसून नोव्हेंबरचा रविवार चालवून पाहता येतो.

तारखा निवडताना बदलाचा दिवस, आदला दिवस आणि पुढचा दिवस घ्यावा: न्यू यॉर्कसाठी ९ मार्च आणि २ नोव्हेंबर २०२५, लंडनसाठी ३० मार्च आणि २६ ऑक्टोबर, लॉर्ड हाऊसाठी ६ एप्रिल आणि ५ ऑक्टोबर. शिवाय २० मार्च ही एक तारीख जरूर ठेवावी, जेव्हा न्यू यॉर्क हललेले असते आणि लंडन नाही.

जुना प्रकल्प हाती आला असेल तर आधी सगळ्या कोडमध्ये तीन गोष्टी शोधाव्यात: ८६४०० हा आकडा, २४ गुणिले ६० गुणिले ६० हा गुणाकार, आणि ५.५ किंवा ३३० ही आपल्या वेळेची मिनिटे-तासांतली रूपे. सापडलेली प्रत्येक जागा चूकच असेल असे नाही. कॅशची (माहितीच्या तात्पुरत्या साठ्याची) मुदत ८६४०० सेकंद ठेवण्यात काही वावगे नाही. पण प्रत्येक जागेपाशी थांबून लिहिणाऱ्याला इथे दिवस म्हणायचे होते की चोवीस तास, हे ठरवावे. आमच्या वेळापत्रकाच्या कोडमध्ये हा शोध घेतला तेव्हा तेच चोवीस तास रजेच्या शिलकीत आणि पाळीच्या स्मरणसंदेशातही निघाले. त्यांची टिकिटे अजून आली नव्हती, कारण मार्च उजाडला नव्हता.